आधी तपासणी, मग औषध: पुरुषांच्या नाजूक जागेच्या त्वचाविकारांसाठी पुण्यातील एका दवाखान्याचा अनुभव

टिळक रस्त्याला लागून असलेल्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर असलेल्या या त्वचारोग दवाखान्यात मी आधी स्वतः रुग्ण म्हणून गेलो आणि नंतर माझ्या भाच्यालाही तेथे घेऊन गेलो. दोघांचीही तक्रार जांघेच्या आसपासच्या त्वचेची होती; मात्र कारणे वेगळी निघाली आणि उपचारही वेगळे झाले. जांघ, अंडकोश किंवा शिश्नावरील खाज, आग, पुरळ याविषयी पुरुष घरात बोलत नाहीत आणि मित्रांशी बोलले तर थट्टेच्या सुरात बोलतात. चांगली सेवा कोठे मिळते आणि ती कशी ओळखावी, याची माहिती त्यामुळे पुढच्या माणसापर्यंत पोचतच नाही. म्हणून हा अभिप्राय विस्ताराने लिहीत आहे. डॉक्टरांचे नाव मुद्दाम दिलेले नाही, कारण मला एका व्यक्तीची जाहिरात करायची नसून अशा सेवेकडून काय अपेक्षा ठेवावी हे सांगायचे आहे. माझी कसोटी एकच आहे: औषध लिहून देण्यापूर्वी डॉक्टरांनी ती त्वचा पुरेशा उजेडात स्वतः पाहिली का?

ही कसोटी क्षुल्लक वाटेल, पण पुण्यात या तक्रारीवरचा पहिला उपचार बहुतेक वेळा मेडिकलच्या काउंटरवर होतो, आणि तेथे कोणी काही पाहत नाही. पावसाळ्यात दुचाकीवरून हिंजवडीला किंवा खराडीला जाणारा तरुण रेनकोटच्या आत घामाने आणि बाहेरून पावसाने भिजतो, ओलसर जीन्स अंगावर ठेवून दिवसभर खुर्चीवर बसतो, आणि संध्याकाळी जांघेत खाज सुटली की घरी जाता जाता मेडिकलमध्ये हळू आवाजात ‘खाजेची ट्यूब’ मागतो. त्याला जी ट्यूब मिळते तिच्यात पुष्कळदा बुरशीवरचे औषध, जिवाणूंवरचे औषध आणि क्लोबेटासॉलसारखे अतितीव्र स्टेरॉइड एकत्र असते. स्टेरॉइडमुळे खाज दोन दिवसांत थांबते आणि लाली उतरते, म्हणून रुग्णाला औषध लागू पडले असे वाटते. प्रत्यक्षात त्या जागेची प्रतिकारशक्ती दबलेली असल्याने बुरशी आत पसरत राहते, आणि मलम थांबवताच चट्टा पूर्वीपेक्षा मोठा होऊन परत येतो. मग पुन्हा तीच ट्यूब आणली जाते.

माझा भाचा नवी पेठेत तीन मुलांबरोबर एका खोलीत राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. त्याच्या बाबतीत हेच घडले होते. काउंटरवरून घेतलेले मलम त्याने काही महिने अधूनमधून लावले होते. मध्यंतरी त्याने मोबाइलवरून एका सल्लासेवेला छायाचित्र पाठवले. तेथूनही एकही प्रश्न न विचारता जवळजवळ त्याच मिश्रणाचे नाव लिहून आले. तोपर्यंत चट्टा जांघेतून मांडीवर आणि मागे नितंबांपर्यंत गेला होता, आणि जांघेच्या घडीत त्वचा ताणली गेल्यासारख्या लालसर रेघा उमटल्या होत्या. त्या रेघा स्टेरॉइडच्या होत्या. डॉक्टर मॅडमनी त्याला स्पष्ट सांगितले की बुरशी जाईल, रेघांचा रंग फिका पडेल, पण रेघा पूर्णपणे जाणार नाहीत. चोवीस वर्षांच्या मुलाला हे ऐकावे लागावे, याचे मला अजूनही वाईट वाटते.

या भागातील त्वचा किती पातळ असते, याची कल्पना आपल्याला नसते. १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या संशोधनात हायड्रोकॉर्टिसोन हे सौम्य स्टेरॉइड शरीराच्या वेगवेगळ्या भागांवर लावून किती शोषले जाते ते मोजले होते, आणि अंडकोशाच्या त्वचेतून ते हाताच्या पुढच्या भागाच्या तुलनेत सुमारे ४२ पट शोषले गेले होते. तळव्याच्या जाड त्वचेसाठी ठीक असलेले तीव्र मलम येथे का लावू नये, हे या एका आकड्यावरून समजते. सरकारने काही केले नाही असेही नाही. २०१८ साली १४ स्टेरॉइड मलमांची चिठ्ठीशिवाय विक्रीची सवलत काढून घेण्यात आली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बंदी घातलेल्या ३२८ मिश्र औषधांत अशा काही मलमांचाही समावेश होता. त्वचारोगतज्ज्ञांची देशपातळीवरील संघटनाही स्टेरॉइड मलमांच्या गैरवापराविरुद्ध अनेक वर्षे सांगत आली आहे. तरीही ट्यूब मागताक्षणी हातात पडते, हा माझ्या परिसरातील अनुभव आहे.

आता दवाखान्याविषयी. डॉक्टर स्त्री आहेत, हे मी आधीच सांगतो, कारण अनेक पुरुष त्याच कारणाने मागे फिरतात. मीही क्षणभर अवघडलो होतो. त्यांनी आधी बसवून विचारपूस केली: त्रास केव्हापासून आहे, खाज जास्त की आग जास्त, रात्री वाढते का, घरात आणखी कोणाला आहे का, ती जागा कशाने धुता, कोणती औषधे पोटात घेता. मग तपासणी का करायची आहे ते सांगून परवानगी विचारली, पुरुष मदतनिसाला आत बोलावले, पडदा ओढला, हातमोजे घातले आणि दिव्याच्या उजेडात जांघा, अंडकोश, शिश्न, अग्रत्वचा (शिश्नाच्या टोकावरची सैल त्वचा) मागे घेऊन शिश्नमुंड म्हणजे शिश्नाचे टोक, आणि शेवटी बोटांच्या बेचक्या व पायांची बोटेही पाहिली. पायांची बोटे कशासाठी, असे मी विचारले. पायांना झालेला बुरशीचा संसर्ग चड्डी घालताना जांघेत पोचतो, म्हणून मोजे आधी घालावेत आणि चड्डी नंतर, असे त्यांनी सांगितले. ही माहिती मला आयुष्यात प्रथमच मिळाली.

माझे निदान शिश्नमुंड आणि अग्रत्वचेच्या दाहाचे झाले. तेथे लाली, पांढरट थर आणि अग्रत्वचेच्या कडेला बारीक चिरा होत्या, व धुताना आग होत असे. ‘काका, मधुमेहाची गोळी अलीकडे बदलली का?’ हा त्यांचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटला. माझ्या फिजिशियननी काही महिन्यांपूर्वी डॅपाग्लिफ्लोझिन सुरू केले होते. या गटातील औषधे रक्तातील जादा साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. त्यांचा हृदयाला आणि मूत्रपिंडांना फायदा होतो, परंतु लघवीतील साखर अग्रत्वचेखालच्या ओलाव्यात राहिली की कॅन्डिडा ही बुरशी तेथे वाढते. त्यांनी गोळी बंद केली नाही आणि मलाही परस्पर बंद करू नका असे बजावले. फिजिशियनच्या नावे एक चिठ्ठी दिली आणि तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणी करून घ्यायला सांगितले. उपचार अगदी साधा होता: क्लोट्रिमाझोल हे बुरशीवरचे मलम, रोज साध्या पाण्याने धुणे, लघवीनंतर आणि अंघोळीनंतर हलक्या हाताने कोरडे करणे, आणि अग्रत्वचा मागे घेतल्यावर न विसरता पुन्हा पुढे आणणे. पत्नीला काही त्रास आहे का, हेही त्यांनी जेवणाची वेळ विचारावी तितक्या सहजपणे विचारले. ज्यांना मधुमेह असल्याचे माहीतच नाही, अशा पुरुषांत हा वारंवार होणारा दाह मधुमेहाची पहिली खूण ठरू शकतो, असेही त्यांनी सांगितले. अशा तक्रारीवर फक्त मलम देऊन साखर न तपासणारी सेवा मला अपुरी वाटते.

भाच्याच्या तपासणीच्या वेळी मी आत गेलो, तेव्हा त्यांनी मला बाहेर बसायला सांगितले. मामा म्हणून क्षणभर वाईट वाटले, पण ते योग्यच होते. शरीरसंबंधांविषयीचे प्रश्न नातेवाइकासमोर विचारले तर खरे उत्तर मिळत नाही, आणि उत्तर चुकले तर निदान चुकते. आत काय बोलणे झाले हे मी विचारलेले नाही. तपासणीनंतर त्यांनी चट्ट्याच्या कडेचे खवले खरवडून काचपट्टीवर घेतले, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे द्रावण टाकले आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे दाखवले. ही तपासणी स्वस्त आहे, काही मिनिटांत होते, आणि निदानाचा संशय फिटतो. पूर्वी गजकर्ण दोन-तीन आठवड्यांच्या मलमाने जात असे; आता भारतात ट्रायकोफायटॉन इंडोटिनी या २०२० साली स्वतंत्रपणे वर्णन झालेल्या बुरशीचा प्रसार आहे, आणि तिच्यातील अनेक वाण टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला दाद देत नाहीत. त्यामुळे भाच्याला पोटातून इट्राकोनाझोल हे बुरशीवरचे औषध आणि वरून बिनस्टेरॉइडचे मलम, असा कित्येक आठवड्यांचा उपचार दिला गेला. मलम चट्ट्याच्या कडेपलीकडे दोन बोटे बाहेरपर्यंत लावायचे, आणि त्वचा स्वच्छ दिसू लागली तरी सांगितलेल्या मुदतीपर्यंत थांबवायचे नाही. टॉवेल वेगळा, कपडे गरम पाण्यात, उन्हात वाळवून इस्त्री केलेले. एका दोरीवर चौघांचे कपडे वाळत असलेल्या खोलीत हे पाळणे कठीण आहे, म्हणून खोलीतील इतर मुलांनाही कोठे खाज आहे का, हे विचारून तपासणीला पाठवायला त्यांनी सांगितले.

येथे एक गोष्ट जरा थांबून सांगतो. नाजूक जागेची खाज म्हणजे गजकर्णच, असे समजण्याची आपल्याकडे सवय आहे, आणि तिचाच फायदा ती मिश्र ट्यूब घेते. प्रत्यक्षात गजकर्ण बहुधा जांघ आणि मांडी धरते व अंडकोशाला सोडते. अंडकोशच लाल आणि चुरचुरणारा असेल तर कॅन्डिडा, साबण-जंतुनाशकाची ॲलर्जी किंवा सतत खाजवल्याने जाड झालेली त्वचा, असा विचार करावा लागतो. रात्री वाढणारी खाज, शिश्नावर आणि अंडकोशावर खाजऱ्या गाठी, आणि घरात दुसऱ्या कोणालाही तोच त्रास असेल तर ती बहुधा खरूज असते. तिच्यासाठी पाच टक्के परमेथ्रिनचे मलम मानेपासून पायांपर्यंत रात्रभर लावावे लागते, आठवड्याने पुन्हा लावावे लागते, आणि घरातल्या सर्वांनी एकाच वेळी लावावे लागते. वसतिगृहांत खरूज हटत नाही, कारण एकच जण औषध लावतो. जांघेत तपकिरी, फारशी न खाजणारी झाक असेल तर एरिथ्रास्मा हा जिवाणूंचा संसर्ग असू शकतो. तो वुड्स दिव्याखाली (तपासणीच्या अतिनील दिव्याखाली) पोवळ्यासारखा लाल चमकतो आणि त्यावर बुरशीचे औषध पुरेसे ठरेलच असे नसते.

आणखी एक कारण मला या दवाखान्यातच कळले, आणि ते प्रत्येकाने लक्षात ठेवावे असे आहे. काही पुरुषांना विशिष्ट गोळी घेतल्यावर शिश्नमुंडावर गोल, जांभळट-काळसर डाग उठतो, आग होते, कधी फोड येऊन जखम होते, आणि पुढच्या वेळी तीच गोळी घेतली की त्याच जागी पुन्हा डाग उठतो. वेदनाशामके, कोट्रायमॉक्साझोल, टिनिडाझोल आणि डॉक्सिसायक्लिनसारखी औषधे यामागे असू शकतात. हा औषधाचा दुष्परिणाम असतो. पण दिसायला तो गुप्तरोगासारखा असल्याने नवरा-बायकोत संशय निर्माण होतो आणि माणूस भिंतीवरच्या जाहिरातींच्या मागे लागतो. डोकेदुखीसाठी घेतलेल्या गोळीचा आणि त्या डागाचा संबंध जोडायला कोणीतरी शांतपणे औषधांची यादी विचारावी लागते. तसेच शिश्नमुंडाच्या कडेला रांगेने असलेले बारीक, गुळगुळीत, मोत्यासारखे दाणे आणि त्वचेवरचे फिकट पिवळसर ठिपके हे बहुतेक वेळा नैसर्गिक असतात व त्यांना उपचार लागत नाहीत. हे दाणे जाळून काढण्यासाठी पैसे मागणाऱ्या ठिकाणांपासून दूर राहावे.

कधी थांबावे आणि कधी लगेच जावे, याविषयी डॉक्टरांनी जे सांगितले ते मी घरी येऊन लिहून ठेवले. घामाने किंवा घर्षणाने आलेली साधी लाली असेल तर सुगंधी साबण, डेटॉलसारखे जंतुनाशक आणि पावडर बंद करून, सैल सुती कपडे वापरून, जागा कोरडी ठेवून काही दिवस पाहायला हरकत नाही. दोन आठवड्यांत उतार नसेल किंवा त्रास परत परत येत असेल तर दाखवावे. जखम, फोडांचा पुंजका, शिश्नातून स्राव, लघवीला जळजळ, किंवा नव्या जोडीदाराशी संबंधानंतर उठलेले काहीही असेल तर वाट पाहू नये. उपदंशाची (सिफिलिसची) पहिली जखम पुष्कळदा दुखत नाही आणि उपचाराविना भरूनही येते, पण रोग शरीरात राहतो. म्हणून ‘दुखत नाही, आपोआप बरे झाले’ या समजुतीवर विसंबू नये आणि रक्ततपासणी करावी. अग्रत्वचेवर पांढरट, कडक पट्टा येऊन ती आवळत चालली असेल, किंवा एखादी जखम वा गाठ काही आठवडे भरून येत नसेल, तर तुकडा तपासणीची वेळ येऊ शकते, कारण शिश्नाच्या कर्करोगाची सुरुवात अशीही असते.

त्वचारोगतज्ज्ञाच्या वेळेची वाट न पाहता थेट रुग्णालयात जाण्याचे प्रसंग तीन आहेत. मागे घेतलेली अग्रत्वचा पुढे येत नसेल आणि शिश्नमुंड सुजत असेल तर त्याच दिवशी, किंबहुना त्याच तासात जावे. एका वृषणात अचानक तीव्र वेदना सुरू झाल्या तर वृषण पिळला गेलेला असू शकतो, आणि तो वाचवण्यासाठी साधारण सहा तास महत्त्वाचे असतात. तिसरा प्रसंग विशेषतः मधुमेहींचा: अंडकोश किंवा गुदद्वाराजवळ झपाट्याने वाढणारी सूज, ताप, दिसते त्यापेक्षा कितीतरी अधिक वेदना, त्वचा काळी पडणे किंवा दुर्गंधी. हा संसर्ग तासातासाने पसरतो आणि जिवावर बेततो. मी घेत असलेल्या गोळीच्या गटासंदर्भातही हा धोका नोंदलेला आहे. तो अत्यंत दुर्मीळ आहे, पण मला तो सांगितला गेला, याचे मला समाधान आहे.

दवाखान्यातील उणिवाही सांगायला हव्यात. स्वागतकक्षातील मुलीने भरल्या प्रतीक्षागृहात ‘काका, काय त्रास आहे?’ असे मोठ्याने विचारले. मी ‘त्वचेचा’ एवढेच उत्तर दिले आणि तिने पुढे काही विचारले नाही, पण एखादा तरुण त्या प्रश्नानेच परत गेला असता. मी हे डॉक्टरांच्या कानावर घातले, आणि पुढच्या वेळी तेथे कागदावर खूण करायचा छोटा फॉर्म आला होता. वेळ ठरवूनही बराच वेळ थांबावे लागते. तपासणीच्या खोलीचे दार पातळ असल्याने आतील बोलणे बाहेर अस्पष्ट ऐकू येते, ही उणीव अजून तशीच आहे. सूचनांचा छापील कागद इंग्रजीत आहे. तो मराठीत असायलाच हवा. शुल्क ८०० रुपये आहे, सूक्ष्मदर्शकाच्या तपासणीचे वेगळे. औषधे मात्र मोजकी आणि साधी लिहिली जातात, महागडे साबण किंवा लोशन गळ्यात मारले जात नाहीत, आणि ठरलेल्या फेरतपासणीत त्वचा पुन्हा प्रत्यक्ष पाहिली जाते.

हे शुल्क ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी पुण्यात सरकारी सोय आहे. ससून रुग्णालयात त्वचा व गुप्तरोगांचा स्वतंत्र विभाग आहे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमांतर्गत सरकारी रुग्णालयांतून लैंगिक संसर्गांसाठी सुरक्षा क्लिनिक चालतात. तेथे तपासणी, समुपदेशन आणि औषधे मोफत मिळतात व जोडीदारावरही उपचार होतात. जवळचे केंद्र कोणते हे १०९७ या मोफत क्रमांकावर विचारता येते, आणि तेथे नाव सांगावे लागत नाही. एचआयव्हीची तपासणी संमतीनेच करायची असते आणि तिचा निकाल गोपनीय ठेवणे २०१७ च्या कायद्याने बंधनकारक आहे, हे माहीत असले की बरीच भीती कमी होते.

जाणाऱ्यांसाठी काही सूचना. आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूब, अर्धवट वापरलेल्यासुद्धा, पिशवीत घालून न्याव्यात. डॉक्टर त्यांवरील घटक वाचतात आणि त्यातून अर्धे निदान होते. पोटात घेत असलेल्या गोळ्यांची यादी न्यावी, त्यात मधुमेहाच्या आणि अधूनमधून घेतलेल्या वेदनाशामक गोळ्याही असाव्यात. जाण्याआधी दोन-तीन दिवस त्या जागी काही लावू नये आणि केस काढू नयेत, म्हणजे मूळ चट्टा दिसतो. संध्याकाळची पहिली वेळ मागून घ्यावी, त्या वेळी प्रतीक्षागृहात गर्दी नसते. आणि कोणत्याही दवाखान्यात डॉक्टरांनी न पाहताच चिठ्ठी लिहायला घेतली, तर ‘एकदा पाहून घ्याल का?’ असे शांतपणे विचारावे.